दोन रेघा आणि वरची मूठ

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. दसरा होऊन पाच दिवस झाले होते. मोंढ्यात नवी बाजरी उतरली होती, पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटत होतं, आणि नवीन जालन्यात मोंढ्यामागच्या गल्लीत अप्पाराव मापाड्याने ठरवलं की आज मुंग्यांचा छडा लावायचा.

ठरवलं एवढंच होतं. पुढचं सगळं त्या मुंग्यांनी केलं.

अप्पारावाने चाळीस वर्षं मोंढ्यातल्या दुकानांवर गिऱ्हाइकांना धान्य मोजून दिलं. निजामाच्या राज्यात पायलीने मोजलं, पुढे काट्यावर तोललं. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही मोंढ्याची रीत. लाभ, दोन, तीन. आणि माप पुरं झालं की वर एक मूठ टाकायची, ही अप्पारावाची रीत. कोरडं माप त्याच्या हातून कधी गेलं नाही. (दुकानदारांनी त्याला तीनदा काढून टाकलं आणि तीनदा परत बोलावलं, कारण गिऱ्हाईक त्याच्या मुठीमागे जायचं.) आता दीड वर्ष तो घरीच होता. घरात तो, बायको चतुराबाई आणि एक पिवळा बोका. दारात आलेलं पहिलं जनावर म्हणून बोक्याचं नाव लाभ्या.

तर मुंग्या. रांग दाराखालून आत आली होती. साखरेच्या डब्याजवळून गेली, डब्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. गुळाच्या मडक्याला वळसा घातला आणि मोरीमागच्या राखेच्या ढिगात उतरली. ती राख लाभ्याची. सकाळचे विधी तो तिथे उरकायचा.

"अगं, साखर सोडून राखेला मुंग्या लागल्या," अप्पाराव म्हणाला.

चतुराबाई गोधडी शिवत होती. ती उठली, राखेजवळ बसली, बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "माह्या मामाला असंच झाल्तं. मोरीत मुंग्या लागायच्या. साखरेचा आजार हाय ह्याला."

"बोक्याला?"

"बघून राह्यले न्हाई का आठ दिवस? बादलीभर पाणी पितो, दोन माणसाचं खातो, अन् वाळत चाललाय."

"तो आजार माणसाला असतो. शिकलेल्या माणसाला. बोक्याला न्हाई होत."

"मंग मुंग्यांना जाऊन सांगा तसं."

अप्पारावाने गव्हाचं रिकामं पोतं काढलं, लाभ्याला त्यात घातलं आणि दोघं नवराबायको ढोरांच्या दवाखान्यात गेली.

दवाखान्यात बैल होते, म्हशी होत्या, एक शेळी होती. पोत्यातून बोका निघाला तेव्हा सगळ्या मालकांना आपापल्या ढोराचं दुखणं विसरल्यासारखं झालं. डॉक्टर तरुण होता. तो हसला नाही. त्याने बोक्याची लघवी काचेच्या नळीत घेतली, निळं औषध घातलं आणि नळी बत्तीवर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं विटकरी झालं.

"मधुमेह," डॉक्टर म्हणाला. "पुस्तकात वाचला होता. बोक्यात आज पहिल्यांदा पाहतोय." आणि तो इतका खूश झाला की त्याने फी घेतली नाही.

मग त्याने बोक्याला तोललं आणि काय करायचं ते सांगायला लागला. रोज सकाळी खाणं झालं की इन्सुलिनची सुई. पिचकारीवरच्या दोन रेघा. वर थेंब नको. दूध बंद, भाकरी बंद, गोड तर अजिबात बंद. कलेजी द्या, खिमा द्या. बाटली गार जागी ठेवा. आणि सुई जास्त झाली तर बोका गळून पडेल, तेव्हा लगेच तोंडात साखरेचं पाणी घाला, नाहीतर हातचा जाईल.

हे शेवटचं वाक्य चतुराबाईने एकटीने ऐकलं. अप्पाराव त्या वेळी दवाखान्याच्या काट्यापाशी वाकून बसला होता.

"डॉक्टरसाहेब, तुमच्या काट्याला पासंग हाय," तो तिकडून म्हणाला. "एवढा खडा बांधा या बाजूला. बोका तुम्ही छटाकभर जास्त भरलाय."

घरी आल्यावर कामाची वाटणी झाली. सुई चतुराबाईकडे, खाणं अप्पारावाकडे.

चतुराबाईचं काय सांगावं. तिला अक्षर येत नव्हतं, पण गोधडीचा टाका असा घालायची की कापडालाही कळू नये. काचेची पिचकारी ती उकळून घ्यायची, बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायची, सुई बोथट झाली की न्हाव्याकडे नेऊन त्याच्या दगडावर स्वतः धार लावून आणायची. बोक्याच्या मानेमागची कातडी चिमटीत धरायची, एक टाका घालायची, संपलं. पहिल्या दिवशी लाभ्याने मागे वळून पाहिलं. तिसऱ्या दिवसापासून तेही सोडलं. आठव्या दिवशी चुलीवर पिचकारी खळखळायला लागली की तो आपण होऊन तिच्यापुढे येऊन पाठ करून बसायला लागला. डॉक्टर एकदा मुद्दाम पाहायला आला आणि म्हणाला, "बाई, माझ्या कंपाउंडरला शिकवाल का?"

अप्पारावाने आपलं खातं मोंढ्याच्या शिस्तीने चालवलं. खाटकाकडे तो स्वतःचा तराजू घेऊन जायचा. छटाकभर कलेजी तो अशी तोलायचा की मागे गिऱ्हाइकांची रांग लागायची. (घरी मालक पिठल्यावर आणि बोका कलेजीवर, हे गल्लीला कळायला दोन दिवस पुरले.) मग त्याने घरातलं गोड संपवलं. गुळाचं मडकं आणि रेशनच्या साखरेचा डबा उचलून स्टेशनावरच्या चहावाल्याला देऊन आला. स्वतः बिनसाखरेचा चहा प्यायला आणि पाहुण्यांनाही पाजला. पाहुणे यायचे थांबले.

राहिली शेजारीण गोजरबाई. तिला लाभ्याचा भारी लळा. दुपारी साखर घालून दूध, संध्याकाळी दूध घालून साखर, असा तिचा रतीब. अप्पाराव तिच्या अंगणात उभा राहिला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला.

"गोजरबाई, तुमची साखर साखर न्हाई, विष हाय. आजपासून तुमच्या साखरेचा एक कण माह्या उंबऱ्याच्या आत यायला न्हाई पायजे."

"एक कणबी न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

"ध्यानात ठिवते, भौ," गोजरबाई म्हणाली.

दहा दिवस सगळं सुरळीत चाललं. राखेला मुंग्या लागेनाशा झाल्या. लाभ्याच्या अंगावर मांस धरलं, तो कौलांवर उड्या मारायला लागला. त्याला पाहायला माणसं यायची आणि चतुराबाईचं कौतुक करून जायची. कलेजीचं कौतुक कोणी करत नव्हतं. हे अप्पारावाला लागलं.

दिवाळी चार दिवसांवर आली होती. चतुराबाईचे हात सारवणाच्या शेणात कोपरापर्यंत भरलेले. पिचकारी उकळून तयार. लाभ्या कलेजी खाऊन पाठ करून बसलेला.

"आज मी देतो सुई," अप्पाराव म्हणाला.

"थांबा की जरा, हात धुते."

"चाळीस वर्षं माप केलंय मी. दोन रेघा मोजायला तुहे हात कशाला पायजेत?"

चतुराबाईने त्याच्याकडे पाहिलं. "दोन रेघा. वर काही न्हाई."

"माहीत हाय."

त्याने बाटलीत सुई खुपसली आणि दट्ट्या ओढला. लाभ. दोन. माप पुरं झालं. आता हात थांबायला हवा होता. पण हा हात चाळीस वर्षांत कोरड्या मापावर कधी थांबलेला नव्हता, आणि समोर कोणी परकं गिऱ्हाईक नव्हतं, घरचा लाभ्या होता. परक्याला मूठ टाकली आणि घरच्याला कोरडं माप द्यायचं? पिचकारीत मूठ केवढी होते हे अप्पारावाला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्याने अंदाजाने ती आणखी चार रेघांची धरली.

सुई छान दिली. लाभ्याला कळलीसुद्धा नाही. अप्पाराव छाती काढून ओट्यावर बसला.

दुपार भरली. लाभ्या अंगणातून चालत आला तो दारुड्यासारखा. भिंतीला घासला, बादलीवर आपटला, आणि अप्पारावाच्या पायाशी येऊन आडवा झाला. तोंडाला लाळ, डोळे उघडे, पण पाहत नव्हते.

चतुराबाई धावत आली. "किती दिली?"

"दोन."

"अन् वर?"

अप्पारावाने चाळीस वर्षांत मापाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "वर मूठ."

चतुराबाईने कपाळावर हात मारला नाही, आरडाओरडा केला नाही. लाभ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "साखर आणा. जल्दी. न्हाईतर गेला हा."

"घरात न्हाई."

"मला माहीत हाय घरात न्हाई. जिथं हाय तिथून आणा."

स्टेशन दूर होतं. साखर भिंतीपलीकडे होती. अप्पाराव गोजरबाईच्या दारात गेला आणि उंबऱ्याशीच थांबला. आयुष्यात त्याने कोणापुढे वाटी धरली नव्हती. आताही वाटी आणायची विसरला होता.

"गोजरबाई," तो म्हणाला. "साखर."

"काय म्हणले?"

"साखर. वाटीभर."

"विष म्हणा की, भौ."

"विष. वाटीभर विष द्या. बोका मरून राह्यला."

गोजरबाईची जीभ चालली होती, पण तिचे हात केव्हाच उठले होते. दिवाळीच्या करंज्यांसाठी जपून ठेवलेला डबा तिने फळीवरून ओढला, आपली पितळी वाटी त्यात बुडवली, काठोकाठ भरली. "तुमच्यावाणी वर मूठ न्हाई बरं का. दिवाळीची साखर हाय. अन् उंबऱ्याचं काय करता? म्या आत येऊ का बाहेरूनच टाकू?"

"या," अप्पाराव म्हणाला.

चतुराबाईने साखर पाण्यात कालवली. बोटाने लाभ्याच्या हिरड्यांना चोळली, गालात सोडली, पुन्हा चोळली. घशात पाणी अडकू नये म्हणून थेंब थेंब. गोजरबाईने पाय धरले. अप्पाराव वाटी धरून उभा होता. असं किती वेळ चाललं, ते त्याने मोजलं नाही. मग लाभ्याची जीभ हलली. एकदा. दोनदा. चतुराबाईचं बोट त्याने चाटून साफ केलं. थोड्या वेळाने त्याने मान उचलली, अप्पारावाला ओळखलं आणि त्याच्या अंगठ्याला कडकडून चावला.

"आला शुद्धीवर," गोजरबाई म्हणाली.

चतुराबाईने पिचकारी धुतली, कापडात गुंडाळली आणि आपल्या सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवली. उरलेली साखर मात्र चिंधीत बांधून फळीवर ठेवली. "ही घरात असू द्यायची," एवढंच म्हणाली.

वसुबारसेला रेशनच्या दुकानात दिवाळीची साखर आली. अप्पाराव सकाळी सहापासून रांगेत उभा होता. पुडा घेऊन तो घरी गेलाच नाही, थेट गोजरबाईच्या ओट्यावर गेला. पितळी वाटी कालच घासून खिशात ठेवलेली होती. ती त्याने तिच्यासमोर भरली आणि काठावरून बोट फिरवलं. माप सपाट झालं.

मग त्याचा हात पुड्यात गेला. मूठ भरून वर आला. वाटीवर थांबला.

ओट्याच्या कडेला लाभ्या बसला होता. तो मुठीकडे पाहत होता. भिंतीपलीकडे चतुराबाईची सुई गोधडीत थांबली.

अप्पारावाने मूठ पुड्यात सोडली.

"बराबर?"

गोजरबाईने वाटी डोळ्यांसमोर धरली, काठ पाहिला आणि साखर डब्यात ओतली.

"बराबर."