नलूमावशींची परतीची पाकिटं

माझ्या कुरियरच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारतं, "पोचेल ना?" नलूमावशी भाटकर तेवढ्या वेगळ्या. त्या पाकीट काउंटरवर ठेवतात, चष्म्यावरून माझ्याकडे रोखून बघतात आणि विचारतात, "परत येईल ना रे, दिल्या?"

पहिल्यांदा मी म्हटलं, "मावशी, परत कशाला येईल? परवापर्यंत पोचेल."

"पोचेल ते पोचेल. समज, नाय घेतलं, तर परत येईल ना? सगळ्या शिक्क्या-शेऱ्यांसकट? मध्येच कुठं टाकून द्याल, तर याद राख."

मावशी इथेच रत्नागिरीत, मांडवीला राहतात, एकट्याच. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. सगळी नोकरी टपालखात्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं पोथी वाचतात, नाहीतर गुडघ्यांचे डॉक्टर बदलत बसतात. मावशी मात्र जन्मभराच्या वैऱ्यांची पाकिटं जमवतात. वैरी म्हणजे आम्ही. कुरियरवाले, प्रवाशांबरोबर पाकिटंही नेणारे ट्रॅव्हल्सवाले, आंब्याच्या पेट्यांवर चिठ्ठी ठेवून नेणारे ट्रकवाले, पूर्वी खाडीतून लाँच चालवणारे. सरकारी टपाल सोडून कोकणात ज्याने म्हणून इकडचा कागद तिकडे नेला, त्याचं तिकीट, शिक्का, पाकीट मावशींना हवंच.

"सरकारी तिकिटं काय, कुणीही जमवतो," असं म्हणून त्या नाक मुरडतात. "तुमचं काय, आज दुकान आहे, उद्या शटर खाली. तुमचंच जपून ठेवायला हवं."

हे माझ्याच दुकानात, माझ्याच तोंडावर. मी ऐकून घेतो असं नाही. मी तापट माणूस आहे आणि रत्नागिरीत ते सगळ्यांना माहीत आहे. पण मावशींपुढे आवाज चढवायच्या आत त्यांचा चढलेला असतो. "हा शिक्का मारलास की शेण थापलंस? एक अक्षर लागेल तर शपथ!" एकदा त्यांनी माझ्या हातातून शिक्का काढून घेतला, शाईच्या पॅडवर दोनदा हलकेच टेकवला आणि पाकिटाच्या कोपऱ्यात असा उमटवला, की आमच्या कंपनीचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं.

मावशींची चिकाटी कळायची, तर दाराची गोष्ट ऐकायला हवी. पूर्वी खाडीकाठच्या गावांना रस्ता नव्हता, तेव्हा एक लाँचवाला पत्रं नेत असे. आपल्या लाँचची डाक म्हणून खूण असावी, यासाठी त्याने लाल रंगाची छोटी तिकिटं छापून घेतली होती. ती आता औषधालासुद्धा मिळत नाहीत. एक एका घरात उरलंय, असं मावशींना कळलं. गेल्या. तर ते कुणीतरी लहानपणी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं. वाफ द्यावी तर रंग उतरेल, खरवडावं तर तिकीटच जाईल. मावशी तीनदा जाऊन आल्या. तिसऱ्यांदा घरातली बाई वैतागून म्हणाली, "आता काय दार उपटून नेताय?"

"होय तर," मावशी म्हणाल्या.

आठवड्याने सुताराला आणि नव्या दाराला घेऊन त्या हजर झाल्या. जुनं दार रिक्षातून मांडवीला आलं, अर्धं आत, अर्धं बाहेर. अख्खी आळी बघायला उभी होती. आता ते त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून असतं, आणि येणारा प्रत्येक पाहुणा चहा पिता पिता विचारतो, की कपाट कुठं आहे.

पण ह्या सगळ्यापेक्षा मावशींचा जीव एका जाड अल्बमवर. त्यात फक्त परत आलेली पाकिटं. "जाऊन आलेल्या पाकिटावर दोन्हीकडचे शिक्के असतात. असली वस्तू दुर्मीळ," असं त्यांनी मला समजावलं. मी पानं उलटली. वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळ्या गाड्या, पण पत्ता सगळीकडे एकच, अनंत सावंत, सावर्डे, तालुका चिपळूण. शेराही एकच, "घेण्यास नकार". एकही पाकीट उघडलेलं नाही. मी मनात म्हटलं, बाई बिलंदर! कुणाचाही पत्ता घालून शेरे गोळा करतात.

आमच्या कंपनीचा शेरा तेवढा त्यांना मिळत नव्हता. त्यांची दोन पाकिटं "घर बंद" म्हणून परत आली.

"हे चालायचं नाय," मावशी म्हणाल्या. "माणूस भेटायला हवा. पुन्हा पाठव."

तिसरंही तसंच परत आलं. दिवस मे महिन्याचे. दुकानात छतापर्यंत आंब्याच्या पेट्या, बाहेर रांग, एका गिऱ्हाइकाची पेटी हरवलेली आणि तो कानाशी ओरडतोय. तेवढ्यात मावशी चौथं पाकीट घेऊन आल्या. माझं डोकं फिरलं.

"पुरे झाला हा पोरखेळ, मावशी! कुणाच्याही पत्त्यावर पाकिटं धाडायची, आणि आमच्या माणसांनी उन्हातान्हात पायपीट करायची!"

मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण त्या ओरडल्या नाहीत.

"पत्ता कुणाचाही नाय रे," त्या म्हणाल्या. "भाऊ आहे तो माझा."

मी रांगेतल्या लोकांना थांबायला सांगितलं. मावशी एका पेटीवर बसल्या.

"आई आजारी पडली तेव्हा माहेरी फोन नव्हता. अनंताने रत्नागिरीला येणाऱ्या ट्रकवाल्याकडे चिठ्ठी दिली. ट्रक वाटेत हातखंब्याला बिघडला. चिठ्ठी मला दुसऱ्या दिवशी मिळाली. मी पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. आणि मी टपालातली शहाणी! भरल्या घरात त्याला म्हटलं, तार करायची अक्कल नव्हती? ट्रकवाल्याच्या हवाली केलीस आईला?" त्यांनी हातातलं पाकीट मांडीवर ठेवलं. "वादळाने तारेची लाइन पडली होती. तो आधी तार करायलाच गेला होता. हे मला मागाहून कळलं."

त्या दिवसापासून भावाने त्यांचं पत्र घेतलं नाही. ह्या अक्षरातलं पाकीट दारात आणू नका, असं त्याने पोस्टमनला सांगून ठेवलं. ज्या टपालावर मावशींचा एवढा तोरा, ते टपालच त्यांना बंद झालं.

"कुरियरवाला दर वेळी नवा असतो. माझं अक्षर ओळखत नाय. निदान दारापर्यंत तरी जातो. परत आलेली पाकिटं टाकवेनात, म्हणून अल्बम आणला. लोक छंद म्हणायला लागले. म्हटलं, म्हणू देत. मग लागला छंदसुद्धा."

"मग परत येईल ना, असं का विचारता?"

"पोचेल ना, असं विचारायचा धीर होत नाय."

मला माझीच लाज वाटली. पाकिटात काय आहे, तेही मी विचारलं. एकच ओळ, त्या म्हणाल्या, "अनंता, मी चुकले." दर वेळी तीच.

"बाकी सगळ्यांना त्याने परत पाठवून झालंय. आता तुझी कंपनी तेवढी उरल्ये. घे, शिक्का नीट मार."

मी नीट मारला. सावर्ड्याच्या आमच्या माणसाला फोन करून बजावलं, "सकाळी लवकर जा, घरी असतील तेव्हा. हातात दे. पायरीवर ठेवलंस, तर माझ्याशी गाठ आहे."

पुढचे चार दिवस मावशी रोज येत. परतीच्या पाकिटांच्या ढिगाकडे बघत आणि जात.

पाचव्या दिवशी चिपळूणच्या थैलीतून पोचपावती आली. आंब्याच्या ऐन मोसमात, भर दुपारी, मी दुकान बंद करून मांडवी गाठली.

"मावशी, तुमचं पाकीट गेलं हो," मी म्हटलं. "अल्बममधलं आमचं पान रिकामं राहणार."

त्यांनी माझ्या हातातून पावती ओढूनच घेतली. आमच्या पोचपावतीवर सहीच्या खाली "नातं" असा एक रकाना असतो. पाकीट घरातल्या दुसऱ्या कुणी घेतलं, तर त्याने मुलगा, सून, काय असेल ते लिहायचं. ज्याचं त्यानेच घेतलं, तर "स्वतः" लिहायचं. अनंतरावांनी सही स्वतःच केली होती, आणि खालच्या रकान्यात लिहिलं होतं, "भाऊ".

नियमाने ही चूक, अशी पावती बदलून घ्यावी लागते. मी बदलून घेणार नव्हतो.

मावशी रडल्या. लपवलंसुद्धा नाही. मग पदराने चष्मा पुसला, उठल्या आणि खुंटीवरची पिशवी काढून तीत लुगडं कोंबायला लागल्या.

"सावर्ड्याकडे जाणारी गाडी आता कितीला रे?"

"अहो मावशी, पत्र घेतलंय त्यांनी, बोलावलं कुठंय? आधी फोन तरी करा. दारातूनच परत पाठवलं तर?"

"मी काय पाकीट आहे?" मावशी पायात चप्पल सरकवत म्हणाल्या. "पायरीवर बसून राहीन. मला कोण परत पाठवतो, ते बघत्येच."