नानांच्या गाडीची टकटक

जगातल्या प्रत्येक वस्तूवर काहीतरी बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि ते वाचण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, अशी भाऊंची पक्की समजूत होती. औषधाची बाटली, इस्त्रीची वायर, साबणाचं वेष्टन, काही म्हणून त्यांच्या तावडीतून सुटत नसे. म्हणून एका रविवारी गाडी पुसताना पेट्रोलच्या झाकणाआड, मळाच्या थराखाली एक चिकटवलेली पट्टी दिसली, तेव्हा त्यांनी चष्माच नाही तर भिंगही आणलं. पट्टीवर लिहिलं होतं, ‘किमान ऑक्टेन ९५.’

भाऊ मटकन पायरीवर बसले. गाडीत आजवर फक्त एक्याण्णव पडत आलं होतं.

गाडी नानांची, म्हणजे भाऊंच्या वडिलांची. नाना गेले, गाडी भाऊंकडे आली आणि तिच्याबरोबर तिची टकटकही आली. घराजवळचा शेवटचा चढ लागला की इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज सुरू व्हायचा, तो थेट फाटकापर्यंत. लहानपणी तो कानावर पडला की भाऊ झटकन पुस्तक उघडून बसत (ते सरळ आहे की उलटं, हे बघायला वेळ नसे) आणि आई चहाचं आधण ठेवी. आता भाऊ स्वतःच ती गाडी चालवत, तरी टकटक ऐकून आधण चढायचंच. त्या चढावर रोज भाऊंना क्षणभर वाटायचं की गाडी नानाच चालवताहेत आणि आपण मागच्या सीटवर बसलो आहोत. फार बरं वाटायचं ते.

पण छापलेलं ते छापलेलं. भाऊ तडक नानांच्या जुन्या मेस्त्रीकडे गेले.

“पंचाण्णव टाकलं तर गाडी जोरात पळेल?”

“पळायची नाही, गप्प बसेल,” मेस्त्री म्हणाला. “ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, साहेब. सोसणं. इंजिन पेट्रोलला दाबतं. तुमचं इंजिन जरा जास्तच दाबतं. एक्याण्णवला ते सोसत नाही, ठिणगी पडायच्या आधीच भडकतं. तीच तुमची टकटक. अशीच वाजत राहिली तर एक दिवस पिस्टन हातात येईल.”

भाऊंनी मनातल्या मनात घरच्यांचे ऑक्टेन लावून पाहिले. बायकोचा शंभरापुढे गेला. (स्वतःचा लावायच्या आत त्यांनी विषय बदलला.)

“मग हे नानांना का नाही सांगितलंत?”

“दर सर्व्हिसिंगला सांगितलं! हसायचे नुसते. म्हणायचे, चढावर वाजलीच पाहिजे गाडी.”

काटकसर, दुसरं काय, असं म्हणत भाऊंनी दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना पंचाण्णवने टाकी भरली. संध्याकाळी गाडी चढावरून अशी आली की त्यांचं त्यांनाच कळलं नाही. आता आई पाठीवर हात फिरवणार, या खुशीत ते स्वयंपाकघराच्या दारात पोचले आणि जागच्या जागी थिजले.

टेबलावर आइस्क्रीमचा मोठा डबा होता. डब्यात वाढायचा मोठा चमचा होता. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला आई, आणि दोघींपुढे भरलेल्या वाट्या. आईला शुगर होती. डॉक्टरांनी तिला आठवड्यातून दोन चमचे गोडाची परवानगी दिली होती, ती भाऊंनी परस्पर शून्यावर आणली होती. (शून्य लक्षात ठेवायला सोपं.)

“गाडी कुठंय?” आईने विचारलं.

“अहो, चालत आलात का आज?” बायकोने विचारलं.

भाऊंनी उत्तर म्हणून साखरेचे दुष्परिणाम सांगायला घेतले. आईने ते निम्मे ऐकले, डब्याला झाकण लावलं आणि आपल्या खोलीत गेली.

त्यानंतर घरात सगळं शांत झालं. आई भाऊंशी मोजून मापून बोलू लागली. चहा वेळेवर मिळेना, विचारलं तर बायको म्हणे, “तुम्ही आलेलं कळायला नको का?” शेवटी भाऊच आईच्या खोलीत जाऊन तिच्या पायथ्याशी बसले.

“आई, नानांच्या वेळीही चालायचं हे?”

“त्यांच्या वेळीच तर सुरू झालं. शुगर तेव्हापासूनचीच. टकटक ऐकू आली की डबा वाटाण्याच्या पिशवीमागे, वाट्या धुऊन पालथ्या, आणि मग तुमचा चहा.”

“आणि नानांना कधी कळलंच नाही?”

“न कळायला काय झालं? आपल्या घरात वाटाणे कोण खातं? पिशवी वर्षानुवर्षं तीच.” आईला हसू आलं. “एकदा गाडी चढाखालीच बंद पडली. चालत आले, तर आत येईनात. फाटकाबाहेर उभे राहून खोकत बसले. मी वाट्या पालथ्या घालेपर्यंत खोकत होते बिचारे.” हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. “मला पकडायचं नव्हतं रे त्यांना. आता संध्याकाळी कान लावून बसते. गाडी येते, तू येतोस. पण ते यायचे, तसं काही वाजत नाही.”

‘चढावर वाजलीच पाहिजे.’ भाऊंना आत्ता कुठे ते कळलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. काटकसर म्हणे!

एक्याण्णववर परत जावं, तर पिस्टनची भीती. रात्रभर कूस बदलून भाऊंनी मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चढ लागताच त्यांनी काच खाली केली, ऑफिसच्या बॅगेतून स्टीलचा मोठा चमचा काढला आणि एका हाताने स्टिअरिंग सांभाळत दुसऱ्याने बाहेरून दार बडवायला सुरुवात केली. टक टक टक टक! समोरून येणारा सायकलवाला उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. दाराचा रंग उडाला. भाऊंनी पर्वा केली नाही. फाटकाशी थांबून ते घसा दुखेपर्यंत खोकले, आणि मगच, चमचा हातात तसाच घेऊन, मोठ्या समाधानाने आत गेले.

टेबलावर डबा उघडाच होता. दोन कोरड्या वाट्या पुढ्यात घेऊन सासू-सून बसल्या होत्या आणि आइस्क्रीमचं पार पाणी झालं होतं.

“हे काय, लपवलं नाहीस?” भाऊ म्हणाले. “एवढा वाजवत आलो!”

“ऐकलं ना. अगदी त्यांच्यासारखं वाजवलंस हो,” आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तिने हात पुढे केला. “पण लपवायला आधी खायला नको का? आण इकडे तो चमचा. दुपारपासून अख्खं घर पालथं घातलंय आम्ही.”