रुसलेला टाक

"माझ्या मशिनीपुढं ब्रह्मदेवानं शिकायला बसावं!" श्रीरामपूरचा गोरक्ष सुतार चारचौघांत छाती काढून सांगायचा. मुंबईच्या भंगारातून त्यानं लाकूड कोरायचं विजेचं यंत्र आणलं होतं. अर्ध्या इंचाचं पातं गरगर फिरायचं आणि रेघेबरहुकूम खाच पाडायचं.

साल बहात्तर, दुष्काळ. बेलापूरच्या बनुबाईला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाला तिचा चांदीचा टाक, म्हणजे तिचं रूप ठोकलेला पत्रा, देव्हाऱ्यात बसवायचा होता. थोरल्या लेकानं, आसारामानं, टाकाच्या मापाचा कागद दिला आणि गोरक्षनं देव्हाऱ्याच्या पाटात अगदी रेघेवर रेघ खाच कोरली. पात्याची जाडी बघून आखणीत फेरफार करावा लागतो, हे शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही! टाकाचे कोपरे टोकदार, पातं गोल. ते कोपऱ्यात शिरणार कसं?

टाक सोनाराकडून त्याच सकाळी आला. आसारामानं खाचेत ठेवला. बसेना! दाबला. तरी बसेना!

"आई रुसली!" चुलती साळूबाई किंचाळली. "पिंडाला कावळा शिवला न्हाई म्हंजी इचारतात ना, तसं इचारा! काय राह्यलंय तिचं?"

गोरक्ष देव्हाऱ्याशेजारीच उभा होता. चूक आपली, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. पण चाळीस माणसांपुढं बोलणार कोण?

"आई, तुझ्या नावानं गावजेवण घालतो!" धाकटा मच्छिंद्र हात जोडून म्हणाला. घरात रेशनच्या तांबड्या मिलोची भाकरी मोजून मिळत होती, आणि हा गावजेवण घालणार! टाक हलला नाही.

"जेवणाचं काय घिऊन बसलास? पोरीचं बोला!" साळूबाई म्हणाली.

सगळ्यांच्या माना कडूबाईकडे वळल्या. बनुबाईची ही विधवा लेक गाठोडं बांधूनच बसली होती. श्राद्ध उरकलं की दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं, राहायचंही तिथंच, असं भावांनी तिला बजावलं होतं.

आसारामानं देव्हाऱ्यापुढं डोकं टेकलं. "आई, कडी हितंच राहील. मागची खोली तिची. माझा शब्द हाय!"

गोरक्षला तिची दया आली. "जरा भुसा झाडतो," म्हणत त्यानं टाक उचलला, लोकांकडे पाठ केली, खिशातली पटाशी काढली आणि चारी कोपरे गुपचूप तासले. टाक ठेवला तसा अलगद बसला! बायका हुंदके देऊन रडल्या. कडूबाईनं गाठोडं सोडलं, आईचं जुनं लुगडं वलणीवर टाकलं. किती दिवसांनी ती हसली!

इथं गोरक्षनं चपला घालून निघायचं की नाही? पण नाही!

आसाराम डोळे पुसत म्हणाला, "बघितलं गोरक्ष? तुझ्या मशिनीला जमलं न्हाई, ते आईनं केलं!"

गोरक्षला ते भयंकर झोंबलं. "आईनं? अवो आसारामभाऊ, कोपरे गोल राह्यले हुते! मी आत्ता पटाशीनं तासले! आईचा काय संबंध?"

आसारामाचा चेहरा हळूहळू खुलत गेला.

"म्हंजी आई रुसलीच नव्हती?"

"न्हाई वो!"

"मंग शब्दबी द्यायचं कारण नव्हतं!" आसाराम म्हणाला. मच्छिंद्रनं गावजेवणही तेवढ्यात मागं घेतलं.

कडूबाईनं वलणीवरचं लुगडं काढलं, घडी घातली, गाठोडं पुन्हा बांधलं. उंबऱ्यावर क्षणभर थांबली.

"गोरक्षदादा, मशिनीला बंद करायचं बटन आसतं ना?"

"व्हय. का गं?"

"न्हाई, म्हटलं, तोंडालाबी एक बसवून घ्यायचं हुतं."

आणि ती खडी फोडायला गेली.