साहेबाच्या कोटाचे राखणदार

दरवर्षी होळी झाली की माझे मामा एका मेलेल्या इंग्रजाच्या कोटाला ऊन देतात. दुकानासमोर खाट टाकायची, खाटेवर धुतलेली चादर, चादरीवर तो जाडजूड लोकरीचा कोट आणि शेजारी स्टुलावर हातात काठी घेऊन स्वतः मामा. कावळा आला की काठी, कुत्रं आलं की काठी, आणि मी डबा घेऊन जेवायला बोलवायला गेले तरी काठीच. "साहेबाचा कोट उन्हाला आलाय, सुमे. आज मला बोलवू नगं." मामांचं वय ऐंशी. डोक्यावर केस नाही, टोपी नाही, आणि वर मार्चचं ऊन. मी डबा तिथेच ठेवून, तोंडातल्या तोंडात बडबडत परत येते.

मामांच्या आजोबांचं बेळगावच्या कॅम्पात दुकान होतं. गोऱ्या लोकांना साबण, मेणबत्त्या, बिस्किटांचे डबे पुरवायचे. साहेबाला ताप आला की काढा द्यायचा, गुडघे धरले की तेल. आणि साहेब रजेवर विलायतेला निघाला की त्याचं सामान तो परत येईपर्यंत सांभाळायचं. दुकानावरच्या इंग्रजी पाटीवर या तिन्ही कामांच्या तीन ओळी अजून आहेत. साहेब गेले, बिस्किटं गेली, पाटी राहिली. दर दसऱ्याला मामा ती स्वतः रंगवतात. पहिल्या दोन ओळी कशाही ओढतात. 'ठेव विश्वासाने सांभाळली जाईल' अशा अर्थाची तिसरी मात्र श्वास रोखून.

बाकी सगळ्यांनी आपापलं सामान नेलं. एका मडमेची ट्रंक तेवढी मागे राहिली, आणि तो कोट तिच्यातलाच, तिच्या नवऱ्याचा. जाताना मडम सांगून गेली होती की, माझ्या कुत्र्याचं नाव जो बरोबर सांगेल त्यालाच ही द्या. ते नाव आजोबांनी मामांच्या वडिलांना सांगितलं, वडिलांनी मामांना. आमच्या घराण्याची इस्टेट म्हणाल तर एवढीच.

मागे एकदा गोव्याला निघालेला एक गोरा पोरगा पाण्याची बाटली मिळेल का म्हणून दुकानात शिरला. मामांनी त्याला स्टुलावर बसवलं, दोन्ही हात जोडले आणि विचारलं, "सर, डॉग नेम?" तो बिचारा गोंधळला. आपल्याकडे कुत्रा नाही, मांजर आहे, असं त्याने हातवारे करून सांगितलं. मामांनी दुसरी संधी दिली, तिसरीही दिली. शेवटी त्याला पेलाभर काढा पाजून वाटेला लावलं आणि मला म्हणाले, "वारस न्हवं त्यो. पर पोरगं खोटं बोललं न्हाय, एखादं नाव ठोकून दिलं आसतं तर?"

त्या काढ्याबद्दलही सांगायला हवं. तो आजोबांनी साहेबांसाठी बेतलेला, म्हणजे सुंठ, मिरी, गुळवेल सगळं दुप्पट. माझ्या नवऱ्याला एकदा साधी सर्दी झाली होती. तो घोटभर प्यायला आणि दोन दिवस घशाला हात लावून बसला. तक्रार केली तर मामांचं उत्तर ठरलेलं, "साहेबाला लागू पडलं, तुला का न्हाय पडनार?"

पाटीवरच्या तिसऱ्या ओळीचा गल्लीनेही पुरेपूर फायदा घेतला. कोणी मुलीकडे बेंगळूरला जाताना घराची किल्ली आणून देतं, कोणी तुळशीची कुंडी. मामा प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधतात. वस्तू काय, ठेवणार कोण, मुदत किती, आणि शेवटी 'परत' असं लिहून पुढे जागा मोकळी. एका कॉलेजच्या पोराने दहा मिनिटांसाठी हेल्मेट ठेवलं, तर परत देताना त्याला आतल्या अस्तराचा रंग विचारला. पोराला आठवेना. शेवटी त्याच्या आईला यावं लागलं.

स्वतःच्या वस्तूंची मात्र दैना. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, सदऱ्याला तीन रंगांची बटणं. पावसाळ्यात छप्पर गळतं ते नेमकं मामांच्या अंथरुणावर, कारण कोरडा कोपरा ट्रंकेला दिलेला. मी चिडले की म्हणणार, "आपलं कसंबी चालतंय गं. ठेवीचं तसं न्हाय."

हा 'ठेव' शब्द माझ्या डोक्यात जातो, त्याला कारण आहे. मी चार वर्षांची असताना आई मला बोरगावहून इथे घेऊन आली. मिरजेच्या दवाखान्यात आठ दिवस राहून येते म्हणाली, माझा हात मामांच्या हातात दिला, आणि परत आलीच नाही. मामांनी लग्न केलं नाही. माझ्या वेण्या घातल्या, मला शिकवलं, मास्तरीण केलं. पण "मुलगी का तुमची?" असं कोणी विचारलं की पटकन म्हणायचे, "न्हाय, न्हाय. बहिनीची ठेव हाय." शाळेत नाव घालताना हेडमास्तरांना हेच सांगितलं, लग्नात माझ्या सासऱ्यांनाही हेच. एकदा तरी, खोटं का होईना, हो म्हणाले असते. हे मला आजवर लागत आलं आहे.

गेल्या पावसाळ्यात मामा ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालायला म्हणून उठले आणि ओल्या फरशीवर पडले. उजवं मनगट मोडलं. माझ्याकडे टिळकवाडीला चला म्हणून मी आधीच तीन वर्षं मागे लागले होते. आता तर डॉक्टरांनीही बजावलं की यांना एकटं ठेवू नका, पुन्हा पडले तर उठायचे नाहीत. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आनी कोन आलं म्हंजे?"

कंबरेचाही एक्स-रे काढायचा होता. कंपाउंडरने करदोट्याला अडकवलेली ट्रंकेची किल्ली काढायला लावली आणि माझ्या हातात दिली. मी ती घेऊन थेट दुकान गाठलं. ज्या चिंध्यांपायी हा माणूस जीव द्यायला निघालाय, त्या एकदा बघूच म्हटलं.

ट्रंक उघडली. वर कोट, त्याखाली मडमेची टोपी, हातमोजे, चांदीची फ्रेम, सगळं वेखंडाच्या वासाचं. तळाशी एक धुतलेलं फडकं. त्यात पिवळ्या फुलांचा फ्रॉक आणि बोटभर लांबीचे दोन सँडल. सोबत चिठ्ठी. 'वस्तू: सुमन, वय चार. फ्रॉक एक, सँडल दोन. ठेवणार: धाकटी बहीण. मुदत: आठ दिवस. परत:' आणि पुढे कोरं.

मी तशीच दवाखान्यात परत गेले. प्लॅस्टर झालं होतं. मी चिठ्ठी मामांच्या पुढ्यात धरली आणि भांडायच्याच सुरात विचारलं, की माझं लग्न होऊन तीस वर्षं झाली, मला पोरं झाली, मग इथे अजून काही लिहिलं का नाही?

मामांनी आधी किल्ली मागून घेतली. ट्रंक उघडल्याबद्दल रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी चिठ्ठी चष्म्याजवळ नेली, बराच वेळ बघितली.

"लगीन लावून दिलं म्हंजे परत दिलं व्हय गं? जिची व्हतीस ती न्यायला आली न्हाय. तवर माझ्याकडंच हैस की."

पन्नास वर्षं मी समजत होते की मामा मला परकी म्हणतात. या माणसाने आपलं म्हटलेल्या वस्तूंची काय अवस्था असते, ते मी रोज बघत होते, तरी मला कळलं नव्हतं.

मग मी डोळे पुसले आणि त्यांच्याच कायद्याने भांडले. "ठेव टिळकवाडीत आणि राखणदार कॅम्पात, हे तुमच्या आजोबांना चाललं असतं का?"

मामा विचारात पडले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना बरोबर पकडलं होतं. संध्याकाळी म्हणाले, "ट्रंक पन येनार."

जाण्याआधी त्यांनी डाव्या हाताने पाटीवर चौथी ओळ रंगवली, माझ्या फ्लॅटच्या पत्त्याची. ती वाकडी आली म्हणून पुसून पुन्हा रंगवली. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. रिक्षात बसल्यावर त्यांनी माझ्या कानात कुत्र्याचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

यंदा होळीनंतर कोटाला ऊन आमच्या गच्चीवर मिळालं. बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी हरकत घेतली, ती मी निस्तरली. दुपारी डबा घेऊन वर गेले, तर खाटेवर कोट, कोटाशेजारी पिवळा फ्रॉक. मामा उघड्या डोक्याने उन्हात बसलेले, आणि हातात काठीऐवजी छत्री. ती फ्रॉकवर धरलेली.

मी म्हटलं, मामा, छत्री स्वतःवर तरी घ्या.

"नगं," ते म्हणाले. "कोट लोकरीचा हाय, त्येला ऊन लागतंय. ह्येचा रंग उडंल."