पडद्यावरची टकटक

पडद्यावर टकटक करता येत नाही, हे बिराजदार सिस्टरांना मान्य नाही. पेशंटच्या खाटेभोवतीचा पडदा सरकवण्याआधी त्या कात्रीने वरच्या लोखंडी दांडीवर वाजवतात आणि विचारतात, "येऊ का?" आतला माणूस बेशुद्ध असला तरी विचारतात. वर उत्तरासाठी थांबतात.

"सिस्टर, त्यांना शुद्ध कुठाय?" वॉर्डबॉय एकदा म्हणाला.

"म्हणून ते घर तुझं झालं का?"

सोलापुरातल्या या हॉस्पिटलात मी नर्स म्हणून नवी लागले, तेव्हा हे सगळं मला विचित्रच वाटलं. हॉस्पिटलचे पडदे पातळ, आणि लोकांच्या नजरेचा भरवसा नाही, म्हणून सिस्टरांनी घरच्या दोन जाड चादरी आणून दांडीवर टांगल्या होत्या.

भरवसा त्यांचा कशावरच नव्हता. फोनवर कुणी म्हणालं, "मुलगा बोलतोय, वडील कसे आहेत?" की या म्हणणार, "मुलगा हाय हे मला फोनातून कसं दिसणार? या की हितं." भेटायला येणाऱ्यांची उलटतपासणी ठरलेली. "तुमी पेशंटचे कोण? आणि हे पेशंटला ठाऊक हाय का?"

माझ्यावर तर खास संशय. मी इंग्रजी शाळेतली, त्यात अबोल. "बोलत न्हाय ती पोरगी ऐकते," त्या माझ्यासमोरच म्हणायच्या. एकदा आईचा फोन आला. शेजारचे काका आमच्याच वॉर्डात होते आणि त्यांना काय झालंय ते आईला हवं होतं. मी काही सांगितलं नाही. फोन ठेवून वळले तर मागे सिस्टर.

"आईलापण न्हाय सांगितलंस?"

"नाही."

"मेसेज केलास का मग?"

मीही त्यांच्याकडे संशयाने बघू लागले. कुणावरच विश्वास नसलेल्या बाईच्या मनात काय असतं, कळत नव्हतं.

मग माळशिरसकडच्या सोनाबाई आल्या. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. साखरेच्या आजाराने पाय काळा पडला होता, गुडघ्याखाली कापायचा ठरला. मुलाने, बाळूने, सही केली. स्ट्रेचर ऑपरेशनला निघालं, तेव्हा ऑपरेशनला जाणाऱ्या प्रत्येकाला विचारतात तो प्रश्न सिस्टरांनी विचारला.

"आजी, आज काय करणार हायत तुमचं?"

"पाय धुनार हायत म्हनं."

सिस्टरांनी स्ट्रेचरचा दांडा धरला तो सोडलाच नाही. बाळू कळवळून म्हणाला, "ओ बाई, कळलं तर खचंल की ती." डॉक्टर बाहेर आले, घड्याळ दाखवत म्हणाले, "सिस्टर, मुलाची सही आहे."

"पाय मुलाचा न्हाय की, सर."

डॉक्टर लाल झाले. पण सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तुमीच सांगा त्यांना. ते तुमचं काम हाय. मी पडदा धरते."

डॉक्टरांनी सांगितलं. पाय ठेवला तर विष अंगभर पसरेल, जीव जाईल, हेही सांगितलं. सोनाबाई बराच वेळ पायाकडे बघत राहिल्या. "उद्याच्याला सांगते," एवढंच बोलल्या. बाळू बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसला. म्हातारी नाही म्हणाली तर, ही धास्ती सगळ्यांना होती. सिस्टरांना सगळ्यांत जास्त असावी. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बीपी घ्यायला गेले, तर चादरीआड सिस्टर सोनाबाईंजवळ बसल्या होत्या. सोनाबाईंचा आवाज आला, "तुला इचारलं हुतं का गं कुनी कवा, असं?"

सिस्टर बोलू लागल्या. अगदी हळू, मधेमधे थांबत. त्यांना न विचारता कुणी, कधी, काय ठरवून टाकलं होतं, ते त्यांनी सांगितलं. वॉर्डात कुणालाच ठाऊक नसलेलं. ते मी इथे लिहिणार नाही. पेशंटच्या चादरीआडचं आहे ते.

"लई वाईट झालं की गं पोरी," सोनाबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बाळ्याला बोलीव. आन अंगटा कुटं लावायचा ते दाव."

आतून नाक ओढल्याचा आवाज आला.

मी खिशातलं पेन काढलं, दांडीवर वाजवलं. "येऊ का?"

"थांब जरा," सिस्टर म्हणाल्या.

मी थांबले.