शेवटचा नंबर ग्लेन स्टब्जचा

"या खेपेला आपल्यातल्या एकाचंही मत वाया जाणार नाही! माझा शब्द आहे!"

वर्ना टकवेलने हे छाती ठोकून सांगितलं, तेव्हा तिच्या एका हातात मोहरीच्या सॉसची बाटली होती आणि दुसऱ्या हातात निळं पेन. टास्मानियाच्या किनाऱ्यावरच्या त्या चिमुकल्या गावात अमेरिकन माणसं सगळी मिळून सात, आणि सातही जणांना तिने त्या गुरुवारी सकाळी आपल्या अंगणात गोळा केलं होतं. प्रत्येकाने आपापल्या राज्यातून आलेली टपाली मतपत्रिका आणायची, वर्नाच्या देखरेखीखाली भरायची, पाकिटं चिकटवायची आणि मग सॉसेज खायचं, असा बेत होता.

सॉसेजची कल्पना तिच्या नवऱ्याची, क्लाइव्हची. क्लाइव्ह जन्माने, मनाने आणि पोटाने ऑस्ट्रेलियन. त्या देशात मतदान केंद्राबाहेर सॉसेज भाजून विकायची रीतच आहे. मतदान आहे आणि शेगडीवर सॉसेज नाही, हे त्याच्या बुद्धीला पटतच नव्हतं.

"पण हे मतदान तुझं नाही," वर्ना म्हणाली.

"नसू दे! सॉसेज माझं आहे ना?"

आता, वर्नाला या मतदानाची एवढी तळमळ का, ते सांगायला हवं. तिचा धाकटा भाऊ रॉय मिशिगनमधल्या एल्क फोर्क गावात राहतो. तिथल्या रस्तेप्रमुखाच्या जागेसाठी तो उभा होता. रस्तेप्रमुख म्हणजे हिवाळ्यात कुणाच्या दारातलं बर्फ आधी उपसायचं ते ठरवणारा माणूस! जानेवारीत एल्क फोर्कमध्ये देवाच्या खालोखाल त्याचाच मान. मागच्या निवडणुकीत ग्लेन स्टब्ज नावाच्या गृहस्थाने रॉयला एका मताने पाडलं. एका! आणि वर्नाची मतपत्रिका मुदत संपल्यावर पोचली होती.

तेव्हापासून दर नाताळला रॉयचा फोन यायचा. "ताई, नाताळच्या शुभेच्छा. इकडे खूप बर्फ आहे. कुणी उपसत नाही. तुझं मत वेळेवर आलं असतं तर बरोबरी झाली असती. मग चिठ्ठी टाकली असती. आणि चिठ्ठी माझीच निघाली असती, आई म्हणायचीच मी नशीबवान आहे म्हणून."

वर्ना फोन ठेवायची आणि दिवसभर तिला केक गोड लागायचा नाही. लहानपणी रॉयच्या बुटाचे बंद तिने बांधले होते. त्याच रॉयला आपण ऐन वेळी दगा दिला, हे तिच्या मनातून काही केल्या जात नव्हतं.

म्हणून या वर्षी सगळा बंदोबस्त चोख! मतपत्रिका आली त्या दिवसापासून फ्रीजवर चुंबकाखाली. अमेरिकन वकिलातीच्या सूचना तोंडपाठ. सही ठरवल्या जागी, पाकिटात पाकीट, वरच्या पाकिटावर पत्ता.

"काय करायचं ते नीट वाचा!" ती अंगणात ओरडत फिरत होती. "घाई नको! ड्वाइट, तुमचा चष्मा कुठंय?"

"नाकावर आहे, वर्नाबाई," ड्वाइट बुद्रो म्हणाले. हे लुइझियानाचे, बोटीवरचे निवृत्त मेकॅनिक. लेकीकडे राहायला येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं.

मग वर्ना स्वतः ओट्यापाशी उभी राहिली आणि तिने आपली मतपत्रिका भरायला घेतली. तिला मनापासून आनंद झाला. वरपासून खालपर्यंत तिने एकही जागा सोडली नाही. रस्तेप्रमुखासाठी चार उमेदवार होते. रॉयला तिने ठसठशीत एक नंबर दिला. शाळेतल्या बर्निसला दोन. तिसरा कोण ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला तीन. आणि ग्लेन स्टब्जला चार! शेवटचा नंबर! नावडत्या माणसाला अगदी तळाला बसवण्यात जे सुख आहे ते पुरणपोळीतसुद्धा नाही, आणि वर्नाने ते सुख पेनाला जोर देऊन घेतलं.

"गोल किती बारीक काढलेत मेल्यांनी!" ती पुटपुटली. "आकडा मावत नाही धड."

पाकिटं चिकटली. क्लाइव्ह ती सातही पाकिटं छातीशी धरून गेला आणि बेकरीसमोरच्या लाल टपालपेटीत टाकून आला. "झालं! लोकशाही रवाना!"

टाळ्या पडल्या. सॉसेज फिरू लागलं. वर्नाने पहिला घास घेतला, तेवढ्यात ड्वाइट म्हणाले, "मी बाबा आमच्या माणसाचा गोल इतका गच्च रंगवला की कागद फाटतो की काय वाटलं."

"रंगवला? आणि बाकीच्यांच्या गोलांत काय लिहिलंत?"

"बाकीच्यांच्या? काही नाही. एकच रंगवायचा असतो ना?"

वर्नाचा घास तोंडातच राहिला.

मंडळी, तिला दोष देऊ नका. अमेरिकेचं न सोडता ऑस्ट्रेलियाचंही नागरिकत्व घेऊन तिला तीस वर्षं होत आली. तेव्हापासून ती इथल्या शाळेच्या हॉलमध्ये जाऊन मत देते, आणि इथे उमेदवारांना पसंतीप्रमाणे नंबर द्यावे लागतात. ते हाताच्या हाडात मुरलेलं! टपाली मतपत्रिका आली की एरवी ती आठवडाभर आधीपासून घोकायची, "एक गोल, एकच गोल." यंदा दुसऱ्यांना शिकवण्याच्या भरात घोकायचंच राहिलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

"क्लाइव्ह," ती खोल आवाजात म्हणाली, "मी नंबर दिले."

"मग? बरोबर केलंस!"

"अरे, अमेरिकन मतपत्रिकेवर नंबर दिले! चारही गोलांत! माझं मत बाद!"

क्लाइव्हने चिमटा खाली ठेवला. त्याच्या हातून जळतं सॉसेज सोडून चिमटा खाली ठेवला गेला, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखा.

वर्ना धावत सुटली. वय त्रेसष्ट, पायात सपाता, पण बेकरीपर्यंत तिला कुणी गाठू शकलं नाही. पेटी काठोकाठ भरली होती. फटीतून आपलं निळ्या पट्ट्याचं पाकीट तिला चक्क दिसलं. तिने बोटं घातली. मग मनगट. मग कोपरापर्यंत हात. पाकीट बोटाला लागलं, आणि निसटून आत पडलं. तिने हात ओढला. हात येईना! घड्याळाचा पट्टा आतल्या झडपेत अडकला होता.

"ओढ!" क्लाइव्ह म्हणाला.

"ओढतेय!"

"मग थांब, मी फायर ब्रिगेडला कळवतो."

"फायर ब्रिगेडचा कॅप्टन तूच आहेस, क्लाइव्ह!"

"हो की," क्लाइव्ह म्हणाला आणि ट्रेमध्ये साचलेली सॉसेजची चरबी आणायला पळाला.

तोवर बेकरीतलं गिऱ्हाईक बाहेर आलं होतं. कुणी पाव खात खात सल्ले देत होतं, कुणी फोटो काढत होतं. ड्वाइटनी वकिलातीचा नंबर लावला आणि फोन वर्नाच्या कानाशी धरला. मेलबर्नहून मिस ओर्तेगा नावाची बाई बोलत होती. आवाज अगदी शांत.

"मॅडम, आपण सुरक्षित आहात का?"

"माझा हात टपालपेटीत आहे!"

"स्थानिक पोलिसांनी ताब्यात घेतलंय का?"

"पेटीने घेतलंय!"

"आपला पासपोर्ट आपल्याजवळ आहे?"

"पासपोर्ट घरी आहे, हात पेटीत आहे आणि मत चुलीत गेलंय!"

मिस ओर्तेगाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घाबरू नका. आपल्या गावच्या निवडणूक कार्यालयाला लगेच कळवा. बिघडलेली मतपत्रिका रद्द करून ते नवी देतात का, ते विचारा. मिळाली तर भरून आमच्याकडे आणून द्या, आमच्या टपालाबरोबर जाईल. आणि मॅडम..."

"काय?"

"या वेळी एकच गोल रंगवा."

इतक्यात टपालगाडी आली. गाडीवरच्या शर्लीने गर्दी पाहिली, वर्नाला पाहिलं आणि हात कमरेवर ठेवले. "अगं बाई! पत्र टाकतात, माणूस नाही!"

तिने किल्लीने पेटीचं दार उघडलं. क्लाइव्हने चरबी चोपडली. झडप उचलली गेली आणि हात सुटला. वर्नाच्या डोळ्यांसमोर निळ्या पट्ट्याचं पाकीट पडलं होतं, त्यावर सॉसेजच्या चरबीचे डाग.

"शर्ली, माझी राणी, तेवढं एकच पाकीट दे ना!"

"पेटीत पडलं ते तुझं राहिलं नाही."

"अगं, माझ्या भावाचा प्रश्न आहे!"

"माझ्या नोकरीचा आहे," शर्ली म्हणाली. पण जाताना तिने ते पाकीट पुसून इतरांपासून वेगळं ठेवलं, डाग लागू नयेत म्हणून. गाडी वळणाआड गेली तशी वर्ना फुटपाथवर बसली आणि ढसाढसा रडली. क्लाइव्ह शेजारी बसला. "मी मासे मारायला गेलो आणि मत चुकवलं, तेव्हा इथल्या कायद्याप्रमाणे मला दंड झाला होता," तो म्हणाला. "तू वर्षभर मला ऐकवत होतीस. आता मी ऐकवणार नाही. हे लक्षात ठेव."

दुसऱ्या दिवशी उजाडताच एल्क फोर्कच्या कार्यालयात फोन लागला. तिथल्या विल्माबाई वर्नाच्याच वर्गातल्या निघाल्या. पोट धरून हसल्या, पण जुनी मतपत्रिका रद्द केली आणि नवी ई-मेलने पाठवली. क्लाइव्हने ती वाचनालयात छापून आणली. वर्नाने रॉयचा गोल असा रंगवला, जसा लहान मुलं सूर्य रंगवतात. क्लाइव्ह शेजारी उभा राहून म्हणत होता, "एकच. एकच. पेन खाली ठेव!" मग दोघं विमानाने मेलबर्नला गेले. सगळ्या प्रवासात पाकीट वर्नाच्या मांडीवर होतं. हवाई सुंदरीने चहा विचारला तर वर्नाने तिला दूर उभं राहायला सांगितलं!

निकालाच्या दिवशी रॉयचा फोन आला. वर्नाने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"ताई, हरलो."

"कितीने?"

"एका मताने."

वर्ना खुर्ची ओढून बसली. "म्हणजे माझं मत पोचलंच नाही?"

"पोचलं ना! विल्मा म्हणाली, सगळ्यांच्या आधी पोचलं. गोल एवढा गच्च रंगवलाय की मागच्या बाजूने दिसतो म्हणाली."

"मग कमी पडलं ते मत कुणाचं?"

पलीकडे रॉय खाकरला.

"रॉय?"

"काय आहे, ताई, दिवसभर मी म्हाताऱ्या मंडळींना गाडीतून मतदानाला पोचवत होतो. शेवटच्या आजीबाईंना घरी सोडलं, परत आलो, तर दार बंद."

"तू... तू स्वतः मत दिलं नाहीस?"

"राहून गेलं."

क्लाइव्हने हाताने तोंड दाबून धरलं. वर्ना सावकाश उठली. बुटांचे बंद बांधायची तेव्हाचा आवाज तिला आपोआप लागला.

"रॉय लिंडक्विस्ट. आणि मागच्या निवडणुकीला?"

रॉयचा आवाज बर्फाखालून आल्यासारखा आला.

"मागच्या वेळीसुद्धा आजीबाईच होत्या, ताई."

चार नाताळ! चार नाताळ तिला केक गोड लागला नव्हता! वर्नाने ओरडायला तोंड उघडलं आणि ती हसू लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पलीकडे रॉयही आधी घाबरत आणि मग खदखदून हसला.

"त्याला इकडे ये म्हणावं!" क्लाइव्ह फोनमध्ये ओरडला. "आम्ही दंड करू आणि सॉसेजही खाऊ घालू!"

त्या वर्षीच्या नाताळला रॉयचा फोन आला. "ताई, नाताळच्या शुभेच्छा," तो म्हणाला. "हवा छान आहे." बर्फाचं नाव नाही. वर्नाने केकचे दोन तुकडे खाल्ले, आणि तिसरा उचलताना तिच्या लक्षात आलं की क्लाइव्हने त्यावर साखरेने भलामोठा गोल काढलाय. गच्च भरलेला. एकच.