तेहतीसवाल्यांचं मंडळ

रेडिओवाल्या बाई मुलाखतीला येणार म्हणून दातांच्या डॉक्टरांनी सकाळपासून बायकोला पाच वेळा बजावलं होतं, की रेकॉर्डच्या कपाटाला हात लावू नकोस. कपाटाला हात लावायचा नाही म्हणून तिने टर्नटेबल पुसलं. पुसताना एक बटण दाबलं गेलं, आणि पुढचं सगळं रामायण त्या एका बटणाने घडवलं.

डॉक्टरांकडे नऊशे रेकॉर्ड होत्या. सगळ्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या नाहीतर हिप-हॉपच्या. पुढच्या खोलीत ते लोकांचे दात काढत, पण त्यांचा खरा जीव मागच्या खोलीतल्या श्रवण मंडळात होता. मंडळाचे ते अध्यक्ष. एकूण सभासद पाच. दर रविवारी पाचही जण डोळे मिटून बसत, आणि डोळे मिटलेल्यांपैकी कोण ऐकतोय आणि कोण झोपलाय याची चौकशी करायची नाही, असा संकेत होता. नियम मात्र कडक होते. फोनवर गाणं ऐकायचं नाही. आणि रेकॉर्ड जशी मिळाली तशीच जपायची. तिच्यावरचं दुकानाचं स्टिकरसुद्धा काढायचं नाही.

आपण या विषयातले जाणकार आहोत हे त्या चौघांखेरीज कुणाला तरी कळावं, एवढीच डॉक्टरांची इच्छा होती. ती आता पुरी होणार होती. साक्षीला मंडळाचे चिटणीस, म्हणजे गणिताचे निवृत्त सर, येऊन बसले होते.

बाईंनी माइक पुढे केला, आणि डॉक्टर खुलले. कॉलेजात आणलेली पहिली इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड त्यांनी घरी लावली, तेव्हा पाण्याची मोटर जळतेय असं समजून वडिलांनी घराची वीजच बंद केली होती. मग दोन पोरांनी घरमालकाला तालात शिव्या घातलेली हिप-हॉप रेकॉर्ड आली. ती डॉक्टरांनी तोंडपाठ केली आणि परीक्षेत पहिला दात उपटताना पुटपुटली. दात निघाला, डॉक्टर पास झाले, पेशंटने मात्र तक्रार केली.

"पण मला घडवलं ते हिने," असं म्हणत त्यांनी काळ्या पाकिटातली रेकॉर्ड काढली. सव्वीस वर्षं जुनी. एक थकलेला म्हातारा, घोगरा आवाज, रेंगाळत पडणारे ठोके. हिने आपल्याला आयुष्यात थांबायला शिकवलं, असं डॉक्टर सांगत. सरांनी तर तिच्या दोन ठोक्यांमधल्या शांततेवर चाळीस पानी निबंध लिहिला होता. डॉक्टरांनी हलक्या हाताने सुई टेकवली आणि डोळे मिटले.

म्हाताऱ्याच्या जागी एक तरुण मुलगी गायला लागली. गायला म्हणजे काय, खिदळायलाच लागली. ठोके धावत सुटले. बाईंचा पाय हलायला लागला, मग खांदे. सरांनी डोळे उघडले. मंडळाच्या इतिहासात रेकॉर्ड चालू असताना असं प्रथमच घडत होतं.

"मशीन बिघडलंय," डॉक्टर म्हणाले.

"बिघडलं नाही, मी नुसती धूळ पुसली," दारातून बायको म्हणाली.

डॉक्टरांच्या लक्षात आलं. काही रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस फेऱ्यांनी वाजतात, काही पंचेचाळीस फेऱ्यांनी. बटण पंचेचाळीसवर गेलं होतं. त्यांनी ते तेहतीसवर आणताच म्हातारा परतला आणि बाईंचा पाय थांबला. यातला खरा वेग कुठला, असं बाईंनी विचारलं. डॉक्टरांनी तेहतीसच असं ठणकावून सांगितलं. मग लेबलवर तसं छापलेलं असेलच ना, असं त्या म्हणाल्या. लेबलवर तर दुकानाचं स्टिकर होतं.

स्टिकर काढायचा नुसता विषय निघाला तर सर उठून उभे राहिले. डॉक्टरही कुरकुरले. तेव्हा बायको म्हणाली, "रोज लोकांच्या दातांवरचा थर खरवडता, तसा हा एक खरवडा की."

माइक चालूच होता. डॉक्टरांनी दवाखान्यातलं हत्यार आणलं आणि हिरडी सांभाळावी तसं लेबल सांभाळत स्टिकर सोडवलं. खाली बारीक आकडा होता. पंचेचाळीस.

डॉक्टरांनी आकडा पुन्हा वाचला. सव्वीस वर्षं ज्या म्हाताऱ्यासाठी त्यांचा जीव तुटत होता, ती विशीतली मुलगी होती, आणि तिला फक्त नाचायचं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा भाग कापता येईल, असं बाईंनी समजूतदारपणे सुचवलं. कापाच, असं सर म्हणाले. डॉक्टरांनी रेकॉर्ड पंचेचाळीसवर पुन्हा लावली. दारात उभी राहून बायको मान डोलवायला लागली. नऊशे रेकॉर्डपैकी एकीवरही तिची मान हललेली त्यांनी पाहिली नव्हती. लाज वाटत असतानाच त्यांना फार बरं वाटलं.

"राहू द्या," ते माइकमध्ये म्हणाले. "मी चुकलो. आणि खरं सांगू? ही अशीच जास्त छान आहे."

रविवारी मंडळाने कार्यक्रम ऐकला आणि लगेच सभा भरवली. सरांचं म्हणणं सरळ होतं. लेबल छापखान्यात छापतात, छापखान्याची चूक होऊ शकते. चाळीस पानांची होऊ शकत नाही. डॉक्टरांनी दोन्ही वेगांनी ऐकून ठरवायला सुचवलं. ऐकल्याने निर्णयावर परिणाम होईल, या कारणाने ते फेटाळलं गेलं. चार विरुद्ध एक मताने ठराव झाला, की योग्य वेग तेहतीस आहे आणि डॉक्टरांना अध्यक्षपदावरून काढण्यात येत आहे. ठराव डॉक्टरांच्याच घरात, त्यांच्याच बायकोने केलेला चहा पिऊन झाला.

पुढचे दोन दिवस डॉक्टरांनी टर्नटेबल लावलंच नाही. नऊशे रेकॉर्ड होत्या, पण ऐकायला सोबत कुणी नव्हतं, आणि ते त्यांना फार लागलं.

बुधवारी मंडळातल्या एकाची दाढ दुखायला लागली. डॉक्टरांनी तपासली, तर दाढ खणखणीत. खुर्चीत आडवा पडल्यावर त्याने खालच्या आवाजात विचारलं, की ती मुलगी आहे का घरात. डॉक्टरांनी मागच्या खोलीतून टर्नटेबल उचलून आणलं. गुरुवारी दुसऱ्याची दाढ दुखली, शुक्रवारी तिसऱ्याची. प्रत्येकाने जाताना बाकीच्यांना कळू देऊ नका असं बजावलं, आणि आठवड्याने पुन्हा दाखवायला येतो असंही सांगितलं.

शनिवारी सर आले. गालावर हात, चेहरा वेदनेने पिळवटलेला. दाढ रात्रभर ठणकतेय, असं म्हणत ते खुर्चीत बसले. डॉक्टरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या त्यांनी स्वतःच सरांना दोन वर्षांपूर्वी बसवून दिल्या होत्या.

"कुठली दाढ?" त्यांनी विचारलं.

सरांनी क्षणभर विचार केला.

"उजवीकडची," ते म्हणाले. "आणि आवाज जरा मोठा ठेवा."